पाहण्याचें मोल

घरखर्चाची वही ही इतिहासाच्या अभ्यासकानें दुर्लक्षावी अशी वस्तु नव्हे. राज्यें कोणीं मिळविलीं आणि कोणीं गमावलीं हें बखरींतून कळतें. परंतु सामान्य माणसांनीं कोणता खर्च अगत्याचा मानला आणि कोणता खर्च एके दिवशीं वायफळ ठरविला, हें जाणण्यास अशी वहीच उघडावी लागते. आमच्या घरीं मागील पंचवीस वर्षांच्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत दूध, वाणी, वर्तमानपत्र ह्यांच्या खालीं 'केबल' हा शब्द दर महिन्यास न चुकतां येतो. आरंभीं त्याच्यापुढें शंभराच्या आसपासचा आंकडा आहे. तो हळूहळू वाढत चारशेंच्या पलीकडे जातो. आणि २०१९ सालच्या उन्हाळ्यांत तो शब्दच वहींतून नाहींसा होतो. त्या महिन्यांत 'छत्री व डबा' असा दोन हजारांच्या आंतबाहेरचा एक खर्च मांडलेला आहे, आणि त्यापुढें त्या सदराखालीं एक पैही पडलेली नाहीं. हा बदल झाला त्या दिवशीं घरांत थोडा वाद झाला होता. हिशेब मुलांच्या बाजूचा होता; परंतु आईनें एकच प्रश्न विचारला, 'माझी मराठी मालिका ह्या छत्रींतून दिसेल का?' त्या प्रश्नाचें नीट उत्तर त्या वेळीं कोणासही देतां आलें नाहीं. तें शोधावयाचें तर थोडें मागें जावें लागतें.

पाहण्याऐकण्याच्या करमणुकीचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. त्याचीं तीन उत्तरें आपल्या पूर्वजांनीं देऊन ठेवलीं आहेत. पहिलें उत्तर राजाश्रयाचें. १८४३ सालीं विष्णुदास भावे ह्यांनीं सांगलीस 'सीता स्वयंवर' हा खेळ केला तो चिंतामणराव पटवर्धन ह्यांच्या आश्रयानें. तो आश्रय संपल्यावर मंडळी गांवोगांव फिरूं लागली आणि १८५३ सालीं मुंबईस तिनें तिकिटें लावून खेळ केले. हें दुसरें उत्तर: दारांत पैसे द्यावे आणि मग आंत यावें. १८९६ सालच्या ७ जुलै रोजीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत दाखविण्यांत आलीं, तेव्हां हा दर एक रुपया होता; त्या काळच्या मानानें तो मोठा होता. तिसरें उत्तर कीर्तनाचें. देवळांत कोणीही यावें, खांबाला टेकून बसावें, पूर्वरंग ऐकून निघून जावें किंवा उत्तररंगापर्यंत थांबावें. शेवटीं आरतीचें ताट फिरतें; त्यांत ज्याला जें सुचेल तें त्यानें टाकावें. दाराशीं कोणी अडवीत नाहीं आणि हजेरीही कोणी घेत नाहीं.

नभोवाणी आली तेव्हां ह्या उत्तरांची प्रथम कसोटी लागली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ह्या खासगी संस्थेच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्तें झालें. प्रत्येक श्रोत्यानें वर्षास १० रुपये भरून परवाना घ्यावा आणि त्या उत्पन्नावर केंद्रें चालावीं, अशी योजना होती. ती तीन वर्षेंही टिकली नाहीं. १९२७ च्या अखेरीस परवान्यांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास होती; १९३० च्या अखेरीसही ती आठ हजारांपर्यंत पोहोंचली नाहीं. दरम्यान १९३० च्या आरंभीं कंपनी बुडाली आणि हा व्यवहार सरकारास हातीं घ्यावा लागला. ह्या अपयशाचें एक कारण अगदीं साधें होतें. नाटकगृहास भिंती असतात आणि दार असतें. हवेला दार नाहीं. लहरी एकदां सुटल्या कीं त्या परवाना असलेल्याच्या घरीं जातात आणि नसलेल्याच्याही घरीं जातात. तिकिटाची पद्धति हवेंत चालावयाची तर हवेला कुलूप लावण्याची विद्या पाहिजे होती, आणि ती त्या काळीं कोणापाशीं नव्हती.

दूरचित्रवाणीनें आपल्या देशांत पाऊल टाकलें तें सरकारी आश्रयानें. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाले. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें, आणि पुढच्या वर्षीं सिंहगडावरील क्षेपणकेंद्रामुळें तीं चित्रें पुणेंकरांस दिसूं लागलीं. 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'चिमणराव' हीं नांवें ज्यांस आठवतात त्यांस तो काळ निराळा सांगावयास नको. त्या काळींही टपालकचेरींत जाऊन संचाचा परवाना काढावा लागे. परंतु १ जानेवारी १९७६ पासून दूरचित्रवाणीवर जाहिराती येऊं लागल्या, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास परवानाशुल्क रद्द झालें. ह्या दोन घटनांचा अर्थ त्या वेळीं फारसा कोणाच्या ध्यानांत आला नसावा. राजाश्रय, तिकीट आणि आरतीचें ताट ह्यांत चौथ्या उत्तराची भर पडली होती: पाहणारानें कांहीं देऊं नये, त्याला पाहण्यास बसविणारा साबणवाला व चहावाला देईल. आणि अर्थातच तो साबण विकत घेतांना पाहणारा तें नकळत देईल.

पुढचीं दहा वर्षें हीं ह्या उत्तराच्या वैभवाचीं होत. १९८२ सालीं रंगीत चित्रें आलीं; ७ जुलै १९८४ पासून 'हम लोग' सुरू झालें; २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं 'रामायण' दाखविलें जाऊं लागलें. ज्याच्या घरीं संच असे त्याच्या घरीं आळीचीं माणसें जमत. सतरंजी अंथरली जाई. पुढें मुलें, मागें बायका, दारांत उभे पुरुष. संच विकत घेण्याचा आणि गच्चीवर अँटेना उभारण्याचा खर्च एकदां केला कीं पुढें कांहीं देणें नव्हतें. मात्र निवडही नव्हती. एकच वाहिनी, तिची वेळ तिनें ठरवावयाची, आणि सायंकाळच्या मराठीनंतर दिल्लीच्या हिंदीस जागा करून द्यावयाची. फुकट मिळणाऱ्या वस्तूंत आपलें म्हणणें चालत नाहीं, हा धडा मराठी प्रेक्षकानें तेव्हांच घेतला.

निवडीच्या ह्या भुकेंतून केबलचा जन्म झाला. मुंबईच्या उंच इमारतींत त्याच दशकांत कोणी उद्योगी माणूस तळमजल्यावर एक व्हिडिओयंत्र ठेवी आणि तारेनें घरोघरीं सिनेमा पुरवी. १९९१ च्या जानेवारींत आखाती युद्धाचीं दृश्यें मोठ्या हॉटेलांतून परदेशी वाहिनीवर दिसलीं. त्याच वर्षीं हाँगकाँगहून स्टार वाहिन्या सुरू झाल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी ही हिंदी वाहिनी आली. इमारतीच्या गच्चीवर मोठी छत्री बसली, तारा एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर गेल्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत पावतीपुस्तक घेऊन केबलवाला दारीं येऊं लागला. हा धंदा इतक्या झपाट्यानें वाढला कीं त्याचा कायदा करण्यास सरकारास १९९५ साल उजाडलें. त्या तारेच्या रूपानें हवेच्या व्यवसायास प्रथमच एक दार मिळालें होतें. पैसे न दिले तर तार कापतां येत होती.

त्याच वर्षीं ९ फेब्रुवारी रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यांत असा निवाडा दिला कीं ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा उपयोग लोकहितासाठीं झाला पाहिजे आणि तिच्यावर सरकारची वा अन्य कोणाची मक्तेदारी असूं नये. तत्त्व उदात्त होतें. परंतु पुढील पंचवीस वर्षांचा इतिहास पाहतां त्या सार्वजनिक मालमत्तेवर कुलुपें बसविण्याचेंच काम अधिक झालें. आरंभीं पुष्कळ वाहिन्या उघड्या होत्या. प्रेक्षक रुळल्यावर त्या एकेक करून कुलूपबंद झाल्या आणि केबलवाल्याकडे पैसे मागूं लागल्या. त्यानें ते आमच्या पावतींत चढविले. ह्याला आळा घालण्यासाठीं, ज्याला जी वाहिनी हवी तिचेच पैसे त्यानें द्यावे अशी योजना निघाली. २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली व कलकत्ता ह्या शहरांच्या कांहीं भागांत ती अमलांत आली, तेव्हां उघड्या वाहिन्यांचे ७७ रुपये आणि कुलूपबंद वाहिनीस प्रत्येकीं ५ रुपये असा दर दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ठरवून दिला होता. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची केबल सक्तीनें अंकीय झाली आणि प्रत्येक संचापाशीं एक डबा येऊन बसला. तो डबा म्हणजेच कुलूप होय.

ह्या ठिकाणीं एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर अंतरावर एकाच जागीं स्थिर असल्यासारखा दिसतो आणि त्याच्या लहरी साऱ्या देशावर सारख्याच पडतात. दहा माणसें पाहोत कीं दहा कोटी माणसें पाहोत, तिकडचा खर्च एका पैनेंही वाढत नाहीं. दुधाचा एक शेर मीं घेतला तर तो दुसऱ्यास मिळत नाहीं. चित्राचें तसें नाहीं. म्हणून दर महिन्यास आपण जें विकत घेतों तें वस्तुतः चित्र नव्हे, तर कुलुपाची किल्ली होय. कार्यक्रम निर्माण करण्यास पैसा लागतो हें खरें, आणि तो कोठून तरी यावयास हवा हेंही खरें. परंतु तो किल्लीच्याच वाटेनें आला पाहिजे असें मात्र नाहीं.

ह्या विचाराचें मूर्त स्वरूप १६ डिसेंबर २००४ रोजीं पुढें आलें. त्या दिवशीं प्रसारभारतीनें 'डीडी डायरेक्ट प्लस' ही योजना ३३ वाहिन्यांसह सुरू केली. २०१४ पासून तिचें नांव 'डीडी फ्री डिश' असें आहे. तिची युक्ति अशी: घरावर लहान छत्री आणि संचापाशीं साधा डबा एकदां विकत घ्यावा; पुढें दरमहा कांहीं देणें नाहीं. ज्या खासगी वाहिनीस येथें जागा हवी ती लिलावांत कित्येक कोटी रुपये मोजून जागा घेते आणि जाहिरातींतून ते वसूल करते. तिकीट प्रेक्षकानें काढावयाचें नाहीं, नटानें काढावयाचें, असा हा उफराटा परंतु चालणारा व्यवहार आहे. येथें नोंदणी नसल्यामुळें पाहणारांची नक्की मोजदाद होत नाहीं. धंद्यांतील लोकांचे अंदाज चार कोटी घरांच्या वर जातात. आरंभीं ही छत्री खेड्यांतल्या कौलांवर व पत्र्यांवर दिसे. सुशिक्षित शहरी माणूस तिच्याकडे स्वस्त धान्याच्या दुकानाकडे पाहावें तसा पाहत होता.

त्याची दृष्टि बदलली ती १ फेब्रुवारी २०१९ रोजीं नवी दरपद्धति अमलांत आल्यावर. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या वाहतुकीचे १३० रुपये, त्यांवर वस्तु व सेवा कर धरून १५३ रुपये ४० पैसे. आणि ह्यावर कुलूपबंद वाहिन्यांची किंमत वेगळी. एखादी वाहिनी संचांत घालून विकावयाची तर तिची किंमत १९ रुपयांहून अधिक नसावी असा नियम होता. पुष्कळ मोठ्या वाहिन्यांनीं नेमके १९ रुपये लावले. ग्राहकास निवडीचें स्वातंत्र्य मिळावें म्हणून केलेल्या ह्या नियमानें ग्राहकास प्रथमच प्रत्येक वाहिनीची किंमत वेगळी दिसली, आणि ती दिसतांच त्यानें हिशेब केला. आमच्या घरचा हिशेबही तेव्हांचाच. छत्रीचा खर्च पांच महिन्यांत भरून निघणार होता.

मोठ्या कंपन्यांनीं हा ओघ पाहिला नाहीं असें नाहीं. आपल्या किल्ल्या विकल्या जाव्या म्हणून त्यांनीं २०१९ च्या मार्चपासून स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, रिश्ते ह्या आपल्या उघड्या वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. परंतु जाहिरातदार प्रेक्षकांच्या मागें जातो; म्हणून २०२० सालीं त्या परत आल्या; २०२२ सालीं पुन्हां निघून गेल्या. दरम्यान २८ मार्च २०२० पासून, सारा देश घरांत कोंडला असतां, दूरदर्शननें 'रामायण' पुन्हां दाखविलें आणि तेहतीस वर्षांपूर्वींच्या त्या जुन्या चित्रांपुढें तिसरी पिढी येऊन बसली. आकाशांतून पैसे देऊन पाहणाऱ्या घरांची संख्या ओसरत गेली; एके काळीं सात कोटींच्या आसपास गेलेला आंकडा २०२४ च्या मार्चअखेर सुमारें ६ कोटी २० लाखांवर आला होता.

हे सारे लोक छत्रीकडे गेले असें मात्र नव्हे. पुष्कळ जण हातांतल्या फोनकडे गेले. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट इतकें स्वस्त झालें कीं चित्रें पाहण्यास संचाची गरजच उरली नाहीं. २०२३ सालीं आयपीएलचे सामने जिओसिनेमावर फुकट दाखविण्यांत आले तेव्हां अनेकांस वाटलें कीं केबलचें युग संपलें व सुकाळ आला. परंतु ज्यानें १९९१ नंतरचीं दहा वर्षें पाहिलीं होतीं त्यास पुढची पायरी ठाऊक होती. २०२५ च्या फेब्रुवारींत ती सेवा व हॉटस्टार एकत्र झालीं आणि वर्गणीचें कुलूप पुन्हां दिसूं लागलें. उघडें दार, मग गर्दी, मग कुलूप, हा क्रम तारेच्या काळीं जसा होता तसाच बिनतारी काळांतही आहे. आज एखाद्या घरीं चार निरनिराळ्या सेवांची वर्गणी मोजली तर ती जुन्या केबलच्या पावतीहून मोठी भरते, आणि 'आम्हीं केबल सोडली' असें मोठ्या अभिमानानें सांगणाऱ्या गृहस्थांस हें कळावयास वर्ष जातें.

काटकसरीचा एक निंद्य प्रकारही ह्या सुमारास बोकाळला आहे. त्याविषयीं मौन पाळणें बरें नव्हे. दुसऱ्याच्या खात्याचा परवलीचा शब्द मागून घेणें, चोरून उतरविलेले चित्रपट एकमेकांस धाडणें, ह्यांत चांगल्या घरांतील माणसांसही संकोच वाटेनासा झाला आहे. कीर्तनाच्या ताटांत नाणें न टाकतां उठून जाणारा कंजूष असेल, पण तो चोर नव्हे. नाटकगृहाच्या मागच्या दारानें शिरणारा मात्र चोरच होय. जें उघडें ठेवलें आहे तें निःसंकोच घ्यावें. जें कुलूपांत आहे तें नको असल्यास सोडून द्यावें. ह्या दोहोंच्या मधला तिसरा मार्ग सभ्य माणसाचा नाहीं.

आतां आईच्या प्रश्नाकडे येतों. तिची मालिका छत्रींतून दिसली नाहीं. ती ज्या वाहिनीवर होती ती कुलूपबंद होती आणि आहे. छत्रींत सह्याद्रि वाहिनी आहे. भारताचे महत्त्वाचे क्रिकेट सामने २००७ च्या कायद्यानें दूरदर्शनवर दाखवावे लागतात, तेही तेथें दिसतात. हिंदी सिनेमा आणि हिंदी मालिका तर वाटेल तेवढ्या आहेत. मराठी मात्र थोडी. ह्याचें कारण कोणाचा द्वेष नव्हे. कारण लिलाव हें आहे. जेथें नट तिकीट काढतो तेथें ज्या भाषेचा प्रेक्षक अधिक त्या भाषेचा नट पुढें बसतो. सिंहगडावरून मराठी चित्रें फुकट येत होतीं तेव्हां तिकीट राज्यानें काढलें होतें. तसलीं जुनीं क्षेपणकेंद्रें बहुतेक २०२२ पर्यंत बंद झालीं. आज साध्या अँटेनानें घरीं मराठी आणण्याची ती वाट उरलेली नाहीं. म्हणजे केबल सोडणाऱ्या हिंदी घराचें नुकसान थोडें होतें. केबल सोडणाऱ्या मराठी घरास आपली भाषाच सोडावी लागते कीं काय, असा प्रसंग येतो.

ह्यावर उपाय दोन दिसतात. ध्वनिलहरी सार्वजनिक आहेत हें न्यायालयाचें वचन खरें करावयाचें असेल, तर सार्वजनिक छत्रींत प्रादेशिक भाषांस लिलावाच्या गणिताबाहेर भरपूर जागा मिळाली पाहिजे, आणि सह्याद्रीस ती जागा भरून काढील असे कार्यक्रम करण्याचें सामर्थ्य पुरविलें पाहिजे. प्रसारभारतीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत गोव्यास चित्रपटमहोत्सवाच्या वेळीं 'वेव्ज' ही आपली इंटरनेटवरील सेवा उघडली. दूरदर्शनच्या कोठारांतील जुनें मराठी धन तेथें पूर्णपणें उघडें झालें तर तें मोठेंच काम होईल. दुसरा उपाय आपल्या हातचा आहे. फुकट मिळतें म्हणून पाहणें सोपें आहे. परंतु जें आपणांस खरोखर हवें आहे त्यासाठीं कोणी तरी नाणें टाकावें लागतें, आणि साबणवाल्यानें तें टाकलें नाहीं तर तें आपणच टाकलें पाहिजे.

आमच्या वहींत 'केबल' हा शब्द पुन्हां आलेला नाहीं. त्यानें वर्षास पांच हजार रुपये वांचतात. गेल्या दोन वर्षांपासून त्या ओळीच्या जागीं 'नाटक व पुस्तकें' अशी ओळ आहे, आणि तिच्यापुढचा आंकडा वांचलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. आई सायंकाळीं सह्याद्रीवरच्या बातम्या पाहते. तिची मालिका नातीच्या फोनवर पाहण्याचा प्रयत्न तिनें महिनाभर केला आणि चित्र फार लहान म्हणून सोडून दिला. त्या मालिकेविषयीं ती आतां विचारीत नाहीं. परंतु मध्यंतरीं तिला एका मराठी नाटकास घेऊन गेलों होतों, तेव्हां तिकिटाची अर्धी फाडून परत दिलेली चिठ्ठी तिनें घरीं येऊन वहींत जपून ठेवली.